काउंट आले, त्याच्या पुढचं

रक्ताच्या कर्करोगासाठी भावाचं प्रत्यारोपण झालं, रक्त घडवणाऱ्या मूळपेशी माझ्या. त्याचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे आकडे, आले तो चौदावा दिवस होता. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिले की पेशी रुजल्या असं धरतात. आईने वॉर्डाच्या दारातच सिस्टरांच्या हातावर पेढे ठेवले. काचेपलीकडे भाऊ हात हलवत होता आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, या माझ्या पेशी आहेत. पाच दिवस पोटात इंजेक्शनं घेतली होती, कंबर आणि मांडीची हाडं ठणकत होती. मग दोन्ही हातांत सुया घेऊन चार तास यंत्राशेजारी पडून राहिले आणि टोमॅटोच्या साराच्या रंगाची एक पिशवी भरली. ती संध्याकाळी त्याला चढवली.

बेचाळिसाव्या दिवशी त्याच्या तळहातावर पुरळ उठलं. आई म्हणाली, उष्णता झाली असेल. मग पुरळ पाठीवर गेलं, मग जुलाब सुरू झाले. जुलाब मापाच्या भांड्यात मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा, हे काम माझ्याकडे होतं. माझ्याच पेशी त्याच्या कातडीवर आणि आतड्यावर तुटून पडल्या होत्या. याला जीव्हीएचडी म्हणतात, ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज. मूत्रपिंड बदललं तर शरीर परक्या अवयवाला झिडकारतं. इथे उलटं घडतं. आलेला पाहुणा घरधन्यालाच परका ठरवतो.

भाऊ वाचला. आज सहा वर्षं झाली, रक्ताचा कर्करोग परतलेला नाही. पण डोळ्यांत पाणी येत नाही म्हणून दर अर्ध्या तासाने थेंब घालावे लागतात. तोंडाच्या आतली कातडी इतकी नाजूक झाली आहे की घरची साधी आमटीही झोंबते. हातावरची त्वचा ताणलेल्या चामड्यासारखी घट्ट आहे. उन्हाने दुखणं उसळतं, त्यामुळे चाकणची नोकरी सुटली. रुग्णालयाच्या नोंदीत हे यशस्वी प्रत्यारोपण आहे. ते खोटं नाही. फक्त ती नोंद जिथे थांबते, तिथून आमच्या घरातली मोजदाद सुरू होते.

पुढे एकदा डॉक्टरांनी समजावून सांगितलं की दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असेल, त्यातही त्या स्त्रीला मुलं झालेली असतील, तर दीर्घकाळ टिकणाऱ्या जीव्हीएचडीचा धोका वाढतो. गरोदरपणात आईच्या टी पेशींची, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पेशींची, बाळाच्या परक्या खुणांशी ओळख होते आणि ती ओळख त्या विसरत नाहीत. मला दोन मुलगे आहेत. पण सख्ख्या भावंडांत या खुणा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आम्ही दोघंच. दुसरं कोण होतं? डॉक्टरांचा निर्णय बरोबरच होता.

हे सगळं सांगितलं, कारण पुढचा आग्रह कुठून आला ते वाचणाऱ्याला कळावं. माझा आग्रह असा आहे: जीव्हीएचडी रोखण्यासाठी नियामक, म्हणजे आवर घालणाऱ्या, टी पेशी वापरण्याची पद्धत आता इतकी पुढे आली आहे की तिची चाचणी पुण्यात, सार्वजनिक पैशातून व्हायला हवी. ती आपल्याकडे दिसणाऱ्या रुग्णांवर आणि आपल्याकडच्या स्वस्त उपचाराशी तोलून व्हायला हवी. दहा वर्षांनी ती बाहेरून तयार डबाबंद येईल आणि कोट्यवधींना विकली जाईल, त्याची वाट पाहत बसू नये.

आधी मूळ पेच सांगते. दात्याच्या पिशवीत मूळपेशी असतात, तशाच टी पेशीही असतात. दुखणं टी पेशींमुळे होतं, मग त्या गाळूनच का टाकू नयेत? १९८० च्या दशकात हे करून पाहिलं गेलं. जीव्हीएचडी कमी झाला, पण रोपण फसण्याचं प्रमाण वाढलं आणि कर्करोग परतू लागला. दात्याच्या टी पेशी नव्या मूळपेशींना जागा करून देतात, आणि औषधांतून निसटलेल्या कर्करोगाच्या पेशी शोधून मारतात. ज्या हाताने घाव बसतो त्याच हाताने राखणही होते. म्हणून डॉक्टर टी पेशी ठेवतात आणि टॅक्रोलिमस, मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड अशा औषधांनी सगळ्यांनाच गुंगीत ठेवतात. मग संसर्ग होतात, सीएमव्हीसारखे झोपलेले विषाणू जागे होतात.

नियामक टी पेशी इथे उपयोगी पडतात. आपल्या सीडी४ जातीच्या टी पेशींत त्यांचं प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के. इतर टी पेशींना आवर घालणं हेच त्यांचं काम. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली, तेव्हा बहुतेक शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नव्हता, कारण अशा दाबणाऱ्या पेशींची आधीची कल्पना बदनाम होऊन मागे पडली होती. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हा जनुक शोधला. तो बिघडला की या पेशी नीट घडतच नाहीत. अशा बिघाडासह जन्मलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच जुलाब, कातडीवर पुरळ आणि मधुमेह होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी वहीच आठवली. जुलाब आणि पुरळ! आवरणारी पेशी नसली तर आतडं आणि कातडी आधी होरपळतात, मग हल्ला आपल्याच पेशींचा असो की बहिणीच्या. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

प्रत्यारोपणात त्यांचा उपयोग करण्याची कल्पना नोबेलच्या खूप आधीची आहे. २००२-०३ च्या सुमारास उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की दात्याच्या नियामक पेशी बरोबर दिल्या तर जीव्हीएचडी दबतो, पण कर्करोगावरचा हल्ला मावळत नाही. इटलीतल्या पेरुजा शहराच्या गटाने २०११ मध्ये माणसांवरचे निष्कर्ष छापले. अर्धेच जुळणारे दाते, म्हणजे आई, वडील, मूल किंवा भावंड, असलेले २८ रुग्ण. मूळपेशींच्या चार दिवस आधी नियामक पेशी दिल्या, नंतर प्रतिकारशक्ती दाबणारं कोणतंही औषध दिलं नाही. पेशी रुजलेल्या २६ जणांपैकी फक्त दोघांना लक्षणीय तीव्र जीव्हीएचडी झाला. त्या अभ्यासात संसर्गाने दगावलेले रुग्णही होते, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतरचा मोठा टप्पा अमेरिकेतला. स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून निघालेली ओर्का-टी ही पद्धत. दात्याच्या रक्तातून नियामक पेशी वेगळ्या काढायच्या, त्या मूळपेशींबरोबर आधी द्यायच्या, आणि बाकीच्या टी पेशी मोजून-मापून दोन दिवसांनी. आधी शिस्त लावणारे पोहोचतात आणि मग गर्दी येते. पंढरीच्या वाटेवर दिंडीच्या आधी चोपदार उभा राहतो तसं. १८७ रुग्णांच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, वर्षाअखेर जिवंत आणि मध्यम ते गंभीर दीर्घकालीन जीव्हीएचडीपासून मुक्त असलेल्यांचं प्रमाण ७८ टक्के होतं. नेहमीची पिशवी आणि नेहमीची औषधं मिळालेल्या गटात ३८ टक्के. हे निष्कर्ष २०२५ मध्ये मांडले गेले. मी तो आकडा वाचला आणि बराच वेळ पुढचं काही वाचू शकले नाही.

तरीही मला भारावून जायचं नाही. सगळ्यात मोठा आक्षेप माझ्याच शहरातल्या डॉक्टरांकडून ऐकला आहे, आणि तो बिनतोड आहे. आपल्याकडे सायक्लोफॉस्फमाइड आहे. साठ वर्षांहून जुनं, स्वस्त, जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळणारं औषध. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने पद्धत बसवली: पेशी चढवल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी त्याचे मोठे डोस द्यायचे. तोवर ज्या टी पेशी चवताळून वाढू लागल्या असतात, त्याच त्यात सापडतात. या एका पद्धतीमुळे अर्धे जुळणारे दाते चालू लागले आणि भारतातल्या हजारो घरांना दाता मिळाला. आपल्याकडे स्वेच्छादात्यांच्या नोंदी काही लाखांच्या घरात, लोकसंख्या एकशे चाळीस कोटींच्या वर. तिथे आईची अर्धी जुळणी हाच आधार. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४३१ रुग्णांच्या चाचणीत, गंभीर जीव्हीएचडीशिवाय आणि आजार न परतता वर्ष काढणाऱ्यांचं प्रमाण या पद्धतीने सुमारे ५३ टक्के होतं, जुन्या औषधांनी ३५.

आणि ओर्का-टीची तुलना झाली ती जुन्या औषधांशी, सायक्लोशी नव्हे. दोन्ही चाचण्यांचे रुग्ण वेगळे, यशाची व्याख्याही वेगळी, त्यामुळे ७८ आणि ५३ शेजारी ठेवून निकाल लावता येत नाही. पूर्ण जुळणाऱ्या दात्यांवरचा तो निष्कर्ष आपल्या अर्ध्या जुळणाऱ्या रुग्णांना जसाच्या तसा लागू होईल असंही नाही. मग प्रश्न येतो: काही हजारांत बऱ्यापैकी काम होत असताना लाखोंच्या पेशींमागे सार्वजनिक पैसा का लावायचा?

माझं उत्तर तीन-चार अंगांनी येतं. सायक्लो चांगलं आहे, पुरेसं नाही. त्याने काउंट उशिरा येतात, सीएमव्हीसारखे संसर्ग वाढतात, आणि ते घेऊनही निम्म्याच्या आसपास लोक वर्षभरात या ना त्या अडचणीत सापडतात, हे त्याच चाचणीतून दिसतं. दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. सायक्लोचं यश खुद्द नियामक पेशींवर टेकलेलं आहे. त्या पेशींत अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज नावाचं विकर भरपूर असतं, त्यामुळे त्या औषधाच्या माऱ्यातून वाचतात आणि नंतर उरलेल्यांना आवरतात. म्हणजे स्वस्त आणि महाग अशा दोन वाटा जिथे मिळतात तिथे हीच पेशी उभी आहे. ती आपल्याकडे नीट मोजली, ओळखली, हाताळली गेली तर स्वस्त वाटही सुधारेल. बॉस्टनच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये इंटरल्यूकिन-२ चे अगदी लहान डोस रोज देऊन रुग्णाच्या अंगातल्याच नियामक पेशी वाढवून पाहिल्या होत्या. जुनाट जीव्हीएचडीच्या २३ रुग्णांपैकी १२ जणांना काही प्रमाणात आराम पडला. त्यात पेशी बाहेर काढाव्या लागल्याच नाहीत.

आणि मग थॅलेसेमियाची मुलं. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण परदेशी चर्चेत हा मुद्दा कडेला पडतो आणि आपल्यासाठी तो मधोमध आहे. भारतात दरवर्षी अंदाजे दहा हजार मुलं गंभीर थॅलेसेमिया घेऊन जन्मतात. त्यांना दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त लागतं. कायमचं बरं होण्याची मुख्य वाट म्हणजे प्रत्यारोपण. कोल इंडियाच्या निधीतून २०१७ पासून त्यासाठी प्रत्येक मुलामागे दहा लाखांपर्यंत मदत मिळते. आता विचार करा, या मुलाला कर्करोग नाहीच. रक्ताच्या कर्करोगात जीव्हीएचडी सोसताना निदान एवढं समाधान असतं की त्याच पेशी कर्करोगही मारत आहेत. माझ्या भावाला आम्ही हेच सांगून धीर दिला. थॅलेसेमियाच्या मुलाच्या बाबतीत जीव्हीएचडी म्हणजे निव्वळ नुकसान. रक्त घेत का होईना, शाळेत जाणारं मूल आईबाप विश्वासाने आणतात, आणि आपण त्याला एक दुखणं काढून दुसरं देण्याचा धोका पत्करतो. नांदेडहून आलेलं एक जोडपं आमच्या मजल्यावर होतं. बाप मला म्हणाला, "ताई, हे रक्त चढवणं तरी सवयीचं झालं होतं." त्याला काय उत्तर द्यावं हे मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. नियामक पेशींच्या मोठ्या चाचण्या रक्ताच्या कर्करोगावर झाल्या आहेत, तिथल्या औषध कंपन्यांची बाजारपेठ ती आहे. आपली मुलं कुणाच्या यादीत वर यायची, हे आपण ठरवलं नाही तर कुणी ठरवणार नाही.

हे पुण्यातच का? मी पुणेकर आहे म्हणून अभिमानाने म्हणत नाही. नकाशा पाहून म्हणते. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. पेशी जपण्याचं, वाढवण्याचं आणि देशभरातल्या प्रयोगशाळांना पुरवण्याचं काम ते दशकांपासून करतं, आणि प्रतिकारशक्तीच्या सहनशीलतेवर तिथे संशोधन चालतं. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर. वानवडीला सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय. शहरात प्रत्यारोपण करणारी अनेक रुग्णालयं. मांजरीला जगाला लस पुरवणारा कारखाना, म्हणजे जंतुविरहित उत्पादनाची शिस्त अंगात भिनलेली माणसं याच शहरात राहतात. नियामक पेशी गोठवल्या की अशक्त होतात, त्या ताज्या द्याव्या लागतात. म्हणून दाता, पेशी वेगळ्या करण्याची जागा आणि रुग्णाची खाट जवळजवळ असणं ही यातली खरी गरज आहे. हे सगळं इथे दीड तासाच्या अंतरात आहे, कार्यालयं सुटायच्या वेळेची वाहतूक धरूनसुद्धा.

मग नाही काय? सगळ्यांना वापरता येईल अशी एक सामाईक स्वच्छ खोली नाही. यंत्र एकदा घेता येतं, पण चुंबकी कणांनी पेशी वेगळ्या करताना प्रत्येक रुग्णासाठी नळ्यांचा नवा संच आणि नवी रसायनं लागतात, ती बहुतांश बाहेरून येतात, आणि खर्च तिथेच चढतो. एकेका रुग्णालयाने वर्षाला चार-सहा रुग्णांसाठी हे उभं करणं परवडणार नाही, आणि केलंच तर ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यापुरतं राहील. सरकारने एक खोली उभारावी, पेशी केंद्राच्या जवळ असली तर उत्तम, आणि शहरातल्या कोणत्याही रुग्णालयाला, खासगी असो, सरकारी असो वा लष्करी, तिथून पेशी मिळाव्यात. हातांची सवय बसेल, संच देशात बनवायला कुणाला तरी कारण मिळेल.

हे स्वप्नरंजन आहे असं म्हणणाऱ्यांना मी पवईकडे बोट दाखवते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. परदेशातल्या तशाच उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात तो मिळतो. अजूनही तो सामान्य घराला झेपत नाही, हे खरंच. पण रुग्णाच्या पेशी बाहेर काढून, त्यांचा जनुकीय साचा बदलून परत घालण्याचं काम मुंबईत होऊ शकतं, तर पेशी नुसत्या निवडून वेगळ्या करण्याचं काम पुण्यात का होऊ नये? त्याच टाटा मेमोरियलमध्ये १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. तेव्हाही हे आपल्याला परवडणारं नाही असं म्हणता आलंच असतं.

एका बाबतीत मात्र मी कठोर आहे. चाचणी पूर्ण होईपर्यंत या पेशी कुणीही विकू नयेत. मूळपेशी या शब्दाचं आपल्या शहरांत काय झालं ते आपण पाहिलं आहे. गुडघ्यापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यावर इंजेक्शन देणाऱ्यांचे फलक लागले, नाळेचं रक्त खासगी पेढीत ठेवा म्हणून गरोदर बायकांना घाबरवलं गेलं, आणि बाळाच्या स्वतःच्या भविष्यातल्या वापरासाठी अशा साठवणुकीला शास्त्रीय आधार नाही हे आयसीएमआरला सांगावं लागलं. नोबेलनंतर नियामक पेशींच्या नावावर तोच धंदा उभा राहायला वेळ लागणार नाही. पिळवणूक होते ती हताश माणसांची, आणि वॉर्डाच्या बाहेरच्या बाकांवर तीच बसलेली असतात. मीही त्या बाकावर बसले होते. तेव्हा मला कुणी काहीही विकलं असतं.

चाचणीच्याही आधी, अगदी कमी पैशात, एक काम सुरू करता येईल. प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक माणसाची दोन वर्षांनंतरची अवस्था नोंदवणारी शहराची एक सामाईक वही. डोळे कसे आहेत, तोंड कसं आहे, फुप्फुसं किती हवा घेतात, कामावर परतला का, शाळेत परतली का, महिन्याला औषधांचा खर्च किती. योजना असो वा विमा, हिशेब पॅकेजचा असतो आणि पॅकेज संपतं तेव्हा माणूस घरी जातो. ही वही नसेल तर सायक्लोने आपल्या लोकांचं कितपत भागतं आणि कुणाचं भागत नाही, हे कळणार नाही, मग महागड्या पेशी नेमक्या कुणासाठी राखायच्या तेही ठरवता येणार नाही. मी जुलाब लिहिले त्या वहीत अजून कोरी पानं आहेत. अशा वह्या किती घरांत पडून असतील.

दात्यांच्या बाजूने एक सांगते. या पद्धतीत दात्याला कदाचित यंत्राशेजारी आणखी एक बैठक द्यावी लागेल. आम्ही ती देऊ. आपल्या पेशींनी आपल्या माणसाला दुखवू नये यासाठी आणखी चार तास पडून राहायला नाही म्हणणारी बहीण, आई किंवा बाप मला त्या मजल्यावर दिसला नाही. त्या संध्याकाळी भावाला चढवलेल्या पिशवीत नियामक पेशीही होत्याच, माझ्याच. बाकीच्यांच्या गर्दीत मिसळून, एकाच वेळी गेल्या. त्यांना आधी पाठवायचं असतं, हे तेव्हा इथे कुणाच्या हातात नव्हतं.